फणसाखालचा पातेरा उलटणारा नारिंगी पक्षी : ओळख आणि सवयी

शेवंती_देवरुख | ११ जून, सकाळी ८:१२

नमस्कार मंडळी. आमचं घर देवरुखजवळ. मागे परड्यात दोन फणस, एक रायवळ आंबा, थोड्या पोफळी, मग चिऱ्याचा गडगा आणि गडग्यापलीकडे रानच. पाऊस यायच्या आधीपासून पहाटे कुणीतरी फार गोड गातंय. आवाज मोठा, स्वच्छ, आणि दर वेळी चाल वेगळी. गाणारा दिसत नव्हता. आता फणसाखाली एक पक्षी दिसायला लागलाय आणि मला वाटतं गाणारा तोच असावा.

साळुंकीपेक्षा जरा लहान. डोकं आणि पोट पिकल्या संत्र्यासारखं नारिंगी, पाठ राखी-निळसर. गाल पांढरा आणि त्यावर दोन काळपट उभ्या रेघा. फांदीवर क्वचित बसतो, सगळा वेळ जमिनीवर. फणसाचं वाळकं पान चोचीत कडेला धरतो, झटक्यात बाजूला फेकतो, एक उडी मागे घेतो आणि मान वाकडी करून उभा राहतो. मग पुढचं पान. मी मागच्या दाराची कडी काढली की जागच्या जागी थिजतो, पळत नाही.

फोटो मोबाइलवरचे आहेत, पहाटेचा उजेड कमी, पण रेघा दिसतात. आमच्या जाऊबाई म्हणतात हा नवरंग. मला पटत नाही, कारण नवरंगाचं चित्र पाहिलं तर शेपूट अगदीच तोकडी होती. जाणकारांनी सांगावं. आणि नुसतं नाव नको, हा दिवसभर काय करतो, कुठे राहतो तेही सांगा.

---

रानपाखरू | ११ जून, सकाळी ९:०५

शेवंतीताई, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की फोटो नसते तरी चाललं असतं. हा नारिंगी डोक्याचा कस्तुर. शास्त्रीय नाव जिओकिक्ला सिट्रिना, जुन्या पुस्तकांत झूथेरा सिट्रिना सापडेल. आपल्याकडे, म्हणजे दक्षिण गुजरातपासून खाली सह्याद्री आणि दख्खनच्या जंगलांत, याची जी उपजात राहते तिचं नाव सायनोटस. पांढरा गळा, पांढरे गाल आणि त्यावरच्या त्या दोन उभ्या रेघा ही तिचीच खूण. एक रेघ डोळ्याखाली उतरते, दुसरी तिच्यामागे कानाजवळ.

आणखी दोन ठिकाणी बघा. खांद्यावर, पंखाच्या वरच्या भागात, एक छोटा पांढरा पट्टा असतो. आणि शेपटीच्या मुळाशी खालून पांढरं असतं. तो पाठमोरा उडाला तरी ते पांढरं दिसून जातं. तुमच्या दुसऱ्या फोटोत खांद्यावरचा पट्टा स्पष्ट आहे. पाठ स्वच्छ राखी-निळी म्हणजे नर. मादीची पाठ तपकिरी-हिरवट झाक असलेली आणि एकूण रंग फिका. जोडी असेल तर मादीही तिथेच कुठेतरी असणार, नीट लक्ष ठेवा.

लांबी २१ ते २३ सेंटिमीटर, वजन ५०-६० ग्रॅमच्या आसपास. आणि हो, पहाटे गाणारा तोच असण्याची शक्यता मोठी. या दिवसांत नर दाट पानांच्या झाडात बसून पहाटे आणि संध्याकाळी गातो.

---

डोंबिवलीकर | ११ जून, सकाळी १०:४०

वा, काय सुरेख पाहुणा! आम्हाला तो बघायला कर्नाळ्याला जावं लागतं, नाहीतर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. पायवाटेवर वाकून बसलं, गप्प राहिलं, तर कुठेतरी पानं सळसळतात आणि हा दिसतो.

जाऊबाईंच्या बाजूने एक सांगतो. नवरंगाशी याची गल्लत होते ती सवयीमुळे. दोघेही पालापाचोळ्यात एकेकटे उड्या मारत फिरतात, दोघेही पावसाच्या तोंडावर बोलके होतात. पण नवरंगाची पाठ हिरवी, डोळ्यावरून रुंद काळा पट्टा, पोटाच्या खालच्या टोकाला लालभडक रंग, पंखात निळा तुकडा आणि शेपूट जवळपास नाहीच. त्याचा आवाज म्हणजे दोन सुरांची शीळ, तीच ती पुन्हा पुन्हा. कस्तुराचं गाणं लांबलचक आणि बदलतं. शिवाय नवरंग आपल्याकडे मे-जूनमध्ये येतो, वीण आटोपून पुढे दक्षिणेकडे आणि श्रीलंकेपर्यंत निघून जातो. कस्तुर मात्र इथलाच.

अजून एक खूण, नुसत्या कानाने ओळखायची. पाचोळ्यात एकाच ठिकाणी सळसळ, मग शांतता, मग परत सळसळ, तर कस्तुर किंवा नवरंग. सगळीकडून एकदम कालवा आणि भांडण ऐकू आलं, तर सातभाई.

---

शेवंती_देवरुख | ११ जून, संध्याकाळी ६:३०

दोघांचे मनापासून आभार. खांद्यावरचा पट्टा आज मुद्दाम बघितला, आहे. शेपटीखालचं पांढरंही दिसलं.

आज बराच वेळ खिडकीतून बघत होते. पान फेकल्यावर तो लगेच चोच मारत नाही. मान एका बाजूला कलती करतो आणि अगदी स्तब्ध होतो. मग एकदम चोच खाली, आणि गांडूळ बाहेर ओढतो. ओढताना घाई करत नाही. तुटू नये म्हणून ताणून धरतो, थांबतो, परत ओढतो. तो मान वाकडी करून ऐकतो की बघतो?

---

एडिसनकर | ११ जून, रात्री ११:५०

शेवंतीताई, हा प्रश्न इथे न्यू जर्सीत आम्ही दर वसंतात विचारतो, कारण आमच्या दारच्या हिरवळीवर अमेरिकन रॉबिन नेमकं हेच करतो. नाव रॉबिन असलं तरी तो कस्तुरांच्या कुळातला, छाती विटकरी रंगाची. धावतो, थांबतो, मान कलती करतो, गांडूळ काढतो.

यावर खरोखर प्रयोग झालेत. १९६५ साली फ्रँक हेपनर यांनी निष्कर्ष काढला की रॉबिन डोळ्यांनी शोधतो. पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्यामुळे जवळची गोष्ट एका डोळ्याने नीट बघायची तर मान वळवावीच लागते. मग १९९७ मध्ये रॉबर्ट माँटगोमेरी आणि पॅट्रिक वेदरहेड यांनी मातीत पुरलेल्या अळ्या देऊन पाहिलं. दिसण्याची, वासाची आणि जमिनीच्या कंपनांची वाट एकेक करून बंद केली, तरीही रॉबिनना अळ्या सापडल्या. पण सतत खरखराट ऐकवला तेव्हा त्यांचं यश घटलं. म्हणजे ते ऐकूनही शोधू शकतात.

तेव्हा दोन्ही. गवतात समोर दिसणारं डोळ्याने, मातीखाली हलणारं कानाने.

---

रानपाखरू | १२ जून, सकाळी ७:२०

एडिसनकर, छान माहिती. फक्त ते प्रयोग रॉबिनवरचे आहेत. रॉबिन उघड्या हिरवळीवर चरतो आणि आपला कस्तुर दाट सावलीत. म्हणून त्याची मुख्य युक्ती पान उलटण्याची. झाकण काढलं की खाली उघडं पडतं ते सगळं त्याचं: गांडुळं, गोगलगायी, कोळी, भुंगे, अळ्या. पान फेकल्यावरची उडी मागे का, तर आता उघडी पडलेली जागा बरोबर समोर यावी. दयाळ किंवा चिरक असं करत नाहीत. ते जमिनीवर दिसलेला किडा टिपतात, पानं उपसत बसत नाहीत.

फळंही खातो. वड-उंबरांची पडलेली फळं, झुडपांवरची बारीक फळं. पण पावसाळ्यात, पिल्लांच्या दिवसांत, भर किड्यांवर आणि गांडुळांवर.

ताई, तुम्ही लिहिलंत की कडीचा आवाज झाला की थिजतो. ती त्याची मुख्य संरक्षणाची रीत. नारिंगी रंग आपल्याला झगझगीत वाटतो, पण वाळक्या फणसपानांवर, कवडशात, तो न हलता उभा राहिला की नजरेतून सुटतो. धोका टळला की परत कामाला. फारच जवळ गेलं तर आवाज न करता झपकन उडून खालच्या फांदीवर जातो. उड्डाण जमिनीलगत आणि वेगवान, म्हणून मागच्या बाजूला मोठ्या काचेची खिडकी असेल तर पडदा ओढून ठेवा. काचेत झाडं दिसली की असे पक्षी सरळ त्यावर जाऊन आदळतात.

---

भातखाचर | १२ जून, दुपारी १:१५

वाचतोय. आमच्या लांज्याकडेही हा आहे, पण नाव माहीत नव्हतं. एक विचारतो. सगळे म्हणतायत पालापाचोळा, म्हणजे आमचा पातेरा. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात बागेतला सगळा पातेरा गोळा करतात, कवळ (तोडलेल्या फांद्या-पानं) आणि शेणाबरोबर तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेत पसरतात आणि भाजावळ करतात, म्हणजे ते जाळतात. तरवा जोमदार येतो, तण मरतं. पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. शिवाय पातेरा घराजवळ ठेवला तर फुरसं बसतं. माझ्या चुलत्यांना फुरसं चावलं होतं, वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. पक्ष्यासाठी माणसाने पाय कुठे ठेवायचा?

---

शेवंती_देवरुख | १२ जून, दुपारी २:४०

भातखाचरदादा, फुरशाची भीती खरी आहे. आमच्याकडेही अंगणात, पायवाटेवर, लाकडांच्या ढिगाजवळ आणि भिंतीला लागून पातेरा ठेवत नाही. रात्री बॅटरी आणि पायात बूट, हे मुलांनाही पाठ आहे. पण फणसाखाली आणि गडग्याच्या कडेला गेली काही वर्षं झाडणं बंद केलंय. मुळात ते फणसासाठी केलं होतं. तिथली माती आता मऊ, काळी, आणि गांडुळांनी भरलेली आहे. बहुतेक त्यासाठीच हा आला.

---

पाणंद | १२ जून, रात्री ९:१०

शेवंतीताईंनी केलंय तेच मला योग्य वाटतं. हे मी पक्षीनिरीक्षक म्हणून कमी आणि बागायतदार म्हणून जास्त सांगतो.

भाजावळीला विरोध करण्यात अर्थ नाही, शेतकऱ्याची गरज आहे. पण सगळाच पातेरा उचलायची गरज कुणालाच नसते. आंब्याच्या आळ्यात पातेऱ्याचं आच्छादन ठेवलं तर उन्हाळ्यात ओल टिकते, माती तापत नाही, आणि पावसात थेंबाच्या माऱ्याने वाहून जात नाही. तोच पातेरा कुजताना त्यात बुरशी, वाळवी, गोम, गोगलगाय, गांडूळ असं सगळं राज्य उभं राहतं. कस्तुर या राज्यावर जगतो. परडं खराट्याने लख्ख झाडलं की त्याचं ताट रिकामं झालं.

आणि खरं नुकसान भाजावळीपेक्षा वणव्याने होतं. मार्च-एप्रिलमध्ये कुणीतरी बांध पेटवतो, वारा सुटतो, आणि डोंगराची अख्खी कूस जळते. वरची झाडं पावसात पुन्हा हिरवी दिसतात म्हणून आपण विसरतो. पण जमिनीवरचा थर जळून गेलेला असतो, आणि पुढच्या पावसात ही पाखरं तिथे खाणार काय? ज्यांच्या बागा डोंगराला लागून आहेत त्यांनी थंडीतच जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढलेला मोकळा पट्टा, काढून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

---

दूनवासी | १३ जून, सकाळी ६:५५

नोकरीमुळे डेहराडूनला राहतो, मूळ सातारचा. धागा वाचून चक्रावलोय. इथे साल वृक्षांच्या जंगलात उन्हाळ्यात नेमका असाच पक्षी दिसतो, पानं उलटण्याची तीच पद्धत. पण त्याच्या गालावर रेघा नाहीत! अख्खं डोकं आणि गळा एकसारखा नारिंगी. हा दुसरा पक्षी का?

---

रानपाखरू | १३ जून, सकाळी ८:३०

पक्षी तोच, उपजात वेगळी. तुमच्याकडचा सिट्रिना. हिमालयाच्या पायथ्याला उन्हाळ्यात वीण करतो आणि थंडीत दक्षिणेकडे सरकतो. आपला रेघावाला सायनोटस द्वीपकल्पातच राहतो. म्हणून महाराष्ट्रात थंडीत बिनरेघांचा दिसला तर फोटो घ्या आणि नोंद करा. तो उत्तरेकडून आलेला असणार.

---

सूरपेटी | १३ जून, संध्याकाळी ७:४५

मी गाण्याच्या अंगाने थोडं लिहिते, कारण या पक्ष्याचा गळा मला विलक्षण वाटतो.

आमच्या महाबळेश्वरकडे शीळ कस्तुर प्रसिद्ध. तो माणसासारखी लांब, रेंगाळणारी शीळ घालतो, ओढ्याकाठी. नारिंगी डोक्याच्या कस्तुराचं गाणं वेगळं: छोटे छोटे तुकडे, मध्ये विराम, प्रत्येक तुकडा गोल आणि स्पष्ट. मध्येच तो बुलबुलाचे, सातभाईचे, शिंपी पक्ष्याचे आवाज जसेच्या तसे घालतो. मोबाइलवरच्या मर्लिन ॲपने आवाज ओळखायला गेलात तर ते कधी शिंपी म्हणेल, कधी बुलबुल. एकाच झाडातून, एकाच जागेवरून दोन-तीन पक्ष्यांची नावं आळीपाळीने यायला लागली की नक्कल करणारा पक्षी आहे असं समजा आणि डोळ्याने खात्री करा.

गाणं सोडून त्याचे रोजचे आवाज साधे आहेत. एक हलकं 'चक्', आणि घाबरला की चिरका लांब 'क्रीऽऽ'. पावसाळा सरला की गाणं थांबतं आणि मग तो असून नसल्यासारखा.

एक विनंती. त्याला बाहेर काढायला मोबाइलवर त्याचंच गाणं लावू नका. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला. तो खाणं सोडून, मादीला सोडून भांडायला येतो. विणीच्या दिवसांत हा त्रास फार होतो.

---

भातखाचर | १४ जून, सकाळी १०:२०

सूरपेटीताई, काल तुमचं वाचून पुतण्या लगेच म्हणाला, इतका गोड गातो तर पाळता येईल का.

---

सूरपेटी | १४ जून, सकाळी ११:००

नाही, दादा. रानातला पक्षी पकडणं आणि पिंजऱ्यात ठेवणं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पुतण्याला हेही सांगा की हाच पक्षी इंडोनेशियात, जावा आणि बाली बेटांवर आढळतो. तिथे त्याला अनिस मेराह म्हणतात. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा तिथे भरतात, आणि त्या हौसेपायी रानातून इतके पकडले गेले की तिथल्या जंगलांत तो कमी झाला. ज्या गोड गळ्यासाठी आपण कान टवकारतो त्यानेच त्याचा घात केला. पुतण्याला पहाटे उठवून बागेत न्या, एकदा त्याला मोकळा गाताना ऐकलं की तो परत विचारणार नाही.

---

शेवंती_देवरुख | ९ जुलै, सकाळी ७:१०

मंडळी, बातमी आहे! रायवळ आंब्याच्या खालच्या दुबेळक्यात घरटं आहे. माणसाच्या डोक्यापेक्षा थोडं वर. बाहेरून काटक्या आणि शेवाळ, पसरट वाटीसारखं. मादी बसलेली असते, पाठ तपकिरी, रानपाखरूदादांनी सांगितली तशीच. मी जवळ गेले नाही, ओटीवरून दुर्बिणीने बघतेय. काय काळजी घेऊ? आमच्याकडे मांजर आहे.

---

रानपाखरू | ९ जुलै, सकाळी ८:००

अभिनंदन, ताई! आंबा त्याचं आवडतं झाड आहे, आणि उंचीही नेहमीचीच. साधारण ३ ते ४ अंडी असतात, फिकट, त्यावर तांबूस ठिपके. १३-१४ दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि त्यानंतर साधारण १२ दिवसांत घरटं सोडतात.

आता पथ्यं. घरट्याखाली जायचं नाही, फांदी बाजूला करून बघायचं नाही, फोटोचा मोह धरायचा नाही. आपण रोज एकाच वाटेने तिथे गेलो की टकाचोर आणि भारद्वाज यांचं लक्ष जातं, आणि दोघेही अंडी-पिल्लं खातात. मांजर पहाटे आणि संध्याकाळी घरात ठेवा. हीच कस्तुराची चरायची वेळ, आणि मांजराचीही शिकारीची.

सगळ्यात नाजूक दिवस घरटं सोडल्यावरचे. पिल्लू नीट उडता यायच्या आतच खाली उतरतं आणि झुडपात बसून राहतं. रंग मळकट तपकिरी, पाठीवर फिक्या रेघा, बिलकूल आईबापांसारखं दिसत नाही. लोकांना वाटतं पडलं, आणि उचलून खोक्यात ठेवतात. उचलायचं नाही. आईबाप आसपास असतात आणि भरवत असतात. अगदी वाटेतच बसलं असेल तर दोन पावलं सरकवून जवळच्या झुडपात ठेवायचं, आणि निघून जायचं. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत.

---

शेवंती_देवरुख | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२५

पिल्लं उतरली. दोन दिसली, गडग्याजवळच्या करवंदीत बसतात. नर त्यांना गांडूळ देतो, पण आधी ते जमिनीवर आपटून घेतो. मांजर माहेरी, म्हणजे माझ्या बहिणीकडे पाठवलंय.

आता पुढचा प्रश्न. पाऊस संपल्यावर हे जातील का?

---

पाणंद | ६ ऑगस्ट, रात्री ८:५०

आपल्याकडचे शक्यतो तिथेच राहतात, ताई, फक्त गप्प होतात. शिवाय पाऊस टिकला तर जोडी दुसरी वीणही घालू शकते, तेव्हा आंब्याकडे लक्ष असू द्या. दिवाळीनंतर जमीन कडक झाली की ते ओल शोधतात. पोफळीला पाट असेल तर त्याच्या काठाला, सांडपाण्याच्या केळीखाली. झाडाखाली सावलीत एक पसरट, उथळ मातीचं भांडं ठेवा, दोन बोटं पाणी, रोज बदललेलं. आंघोळीला नक्की येतील.

---

डोंबिवलीकर | ७ ऑगस्ट, सकाळी ९:३०

थंडीसाठी एक सावधगिरी. नोव्हेंबरपासून निळ्या टोपीचा कस्तुर हिमालयातून सह्याद्रीत येतो. त्याचंही पोट नारिंगी आणि तोही झाडाखाली उतरून पानं चाळतो. पण त्याच्या नराचं डोकं आणि गळा निळा, डोळ्यावरून काळा पट्टा, पंखात मोठा पांढरा चौकोन, आणि शेपटीखाली पांढरं नाही. बिचकला की तो सरळ झाडावर जाऊन ताठ बसतो. मादी तपकिरी, पोटावर खवल्यांसारखी नक्षी. तुमच्या फणसाखाली दोघेही येऊ शकतात. आले तर फोटो याच धाग्यावर टाका, तारखेसकट.